स्टाफचं ताट

एस.टी.त नोकरी करणारा माणूस उपाशी राहत नाही, असं माझी सासू पारूबाई शेजारणींना अभिमानानं सांगते. खरंच आहे. तो खाऊन खाऊनच आडवा होतो.

मी रत्नमाला, संभाजीनगर ते जळगाव गाडीवर कंडक्टर. अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूरच्या अलीकडं साहेबरावांचं हॉटेल लागतं, तिथं आमची गाडी जेवणाला थांबते. थांब्याच्या हॉटेलांची एक रीत असते. प्रवाशांना ती माहीत असते, पण कुणी बोलत नाही. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण मालकाकडून. गाडीभर गिऱ्हाईक दारात आणून सोडल्यावर मालक तरी हात आखडता कशाला घेईल? गल्ल्यामागं स्टाफचं वेगळं टेबल. त्यावर आधी भजी, मग मिरचीवडा, मग बोटभर तर्री आलेली भाजी, मैद्याच्या रोट्या, दोन गुलाबजाम आणि शेवटी पाकासारखा चहा. कढईतलं तेल सकाळपासून उकळत असायचं. ते सकाळचंच असायचं की आदल्या दिवशीचं, हे विचारायची रीत नव्हती.

मला ते ताट आवडायचं. चवीमुळं नाही. माझ्या आजीला तिच्या गावात पाणी प्यायला ओंजळ धरावी लागायची आणि वरून, लांबून, धार सोडली जायची. तिची नात खाकी घालून बसते आणि इथल्या पाटलाच्या घरातला हॉटेलमालक तिच्या ताटात स्वतः वाढतो, वर म्हणतो, “अजून एक घ्या ना म्याडम, लाजायलात काय!” असं ताट कोण नाकारील? पोट भरल्यावरही मी ते अजून एक घ्यायचे.

मग माझ्या बोटांनी दगा दिला. सकाळी उठले की मुठी वळायच्या नाहीत. तिकिटाच्या मशीनचं बटण दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. सांधे सुजले, रक्त तपासलं, संधिवात निघाला, गोळ्या सुरू झाल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण त्याच्या मागोमाग मनही बसलं. सिल्लोडच्या स्टँडवर अर्ध्या तिकिटाच्या बाया जागेवरून भांडायला लागल्या की पूर्वी मी त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात भांडण मिटवायचे. आता मला रडू यायचं. माझी लेक श्रेया शाळेतलं काहीतरी रंगवून सांगायची आणि मी मनात म्हणायचे, ही गप्प कधी होईल. पोटच्या पोरीबद्दल असं वाटतं म्हणजे आपण माणूस उरलो नाही, असं वाटून मी आणखी गप्प व्हायचे.

“ताण आलाय तुला,” माझा नवरा संघपाल म्हणायचा. तो वाळूजला कंपनीत आहे, त्याला सगळ्यावर एकच औषध माहीत. “चार दिवस रजा टाक.” रजा टाकली. चार दिवस भिंतीकडं तोंड करून झोपले आणि पुन्हा ड्युटीवर गेले.

सांध्यांच्या डॉक्टरांनीच मला मानसोपचार विभागात पाठवलं. तिथं डॉक्टर निशा होत्या, वयानं माझ्याहून लहान, पण ऐकून घेणाऱ्या. मी त्यांना सरळ विचारलं, “माझं मन कच्चं आहे का?”

“शेजारच्या घराला आग लागली आणि तुमच्या घरात धूर आला, तर तुमचं घर कच्चं म्हणायचं का?” त्या म्हणाल्या. “तुमच्या अंगात सूज आहे. ती बोटांपुरती थांबत नाही. रक्तातून सगळीकडं फिरते, तिची झळ मेंदूलाही लागते. झोप बिघडते, उमेद जाते, काही नको वाटतं. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, पण तुमच्या बाबतीत दोन्ही हातात हात घालून चाललंय असं मला दिसतंय.”

मग त्यांनी विचारलं, जेवता काय? मी सगळं ताट वर्णन करून सांगितलं, गुलाबजामासकट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हे रोज?”

“ड्युटी असेल तेव्हा रोज.”

“रत्नमालाताई, मी आग विझवायला बसलेय आणि तुम्ही वरून तेल ओतताय.” त्या हसल्या, पण लगेच बोट उभं केलं. “नीट ऐका. जेवण बदललं म्हणून एकही गोळी बंद करायची नाही. ना सांध्याची, ना मी देईन ती. नुसत्या भाकरीनं आजार बरा होतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. कुणाला जेवणानं बराच फरक पडतो, कुणाला थोडा, कुणाला पडतही नाही. पण तुमच्या ताटात सुधारायला जागा भरपूर आहे. महिना-दोन महिने बघू. नाहीच जमलं तर हलक्या कामासाठी चिठ्ठी लिहून देते.”

हलकं काम म्हणजे डेपोतली खुर्ची. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि मला चीड आली. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं होतं. ती गाडी मी मिळवली होती. पायाखालचा झालेला तो रस्ता, तो घाट, दारात लोंबकळणाऱ्या माणसांना आत ढकलणारा माझा आवाज, ते सगळं सोडून मी खुर्चीत बसू? भज्यांपायी? मी उठले आणि तशीच गुलमंडीच्या बाजारात जाऊन तीन पुडांचा स्टीलचा डबा घेतला.

सासूनं डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला. “एस.टी.तली बाई आन डबा? लोक म्हणतील, हिला हॉटेलवाले इचारत नाय.”

“म्हणू द्या,” मी म्हणाले आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. बोटं दुखत होती, भाकरी वेडीवाकडी झाली, एका बाजूनं करपली. करपली खरी, पण तळलेली नव्हती. दोन भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथी, काकडी आणि जवसाची चटणी, एवढं बांधून निघाले.

पहिल्या दिवशी स्टाफच्या टेबलावर डबा ठेवला तेव्हा साहेबराव ताट हातात धरून उभे राहिले. “आज उपास का म्याडम?”

“नाय मालक. डॉक्टरनी तळलेलं बंद केलंय.”

“आवं, दोन भज्यांनी काय होतंय!” म्हणून त्यांनी ताट माझ्यासमोर ठेवलंच. मी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग ते स्वतः वाढायला यायचे थांबले, पोऱ्याला पाठवायला लागले. पुढं पुढं ताट आलं नाही, नुसती नजर यायची.

आमचे ड्रायव्हर बद्रीनाथदादा, पिकल्या मिशांचे, घाटात देवमाणूस. पण त्यांचाही चेहरा उतरला. “ताई, तुमच्या डब्यापायी मालक माझ्याशी बी सरळ बोलंना,” सिल्लोड ओलांडल्यावर ते म्हणाले. “काल मला एकच गुलाबजाम.”

“दादा, तुम्हाला गुलाबजाम मोठा का माझे हात?”

त्यांनी उत्तर द्यायला एक अख्खं वळण घेतलं. “हात,” ते म्हणाले. पण खुशीनं नाही.

मला फरक पडत होता का? पडत होता, मुंगीच्या पावलांनी. काही सकाळी मूठ वळायची, काही सकाळी नाही. गोळ्यांचा गुण किती आणि भाकरीचा किती, ते मला सांगता येणार नाही आणि मी सांगायलाही जाणार नाही. झोप मात्र लागायला लागली. मधेच असे दिवस यायचे की वाटायचं, कशाला हा आटापिटा, बद्रीदादांपुढचं ताट ओढून घ्यावं आणि सगळ्यांना खूश करावं. एकदा ओढलंही. चार भजी खाल्ली आणि घरी येऊन स्वतःवरच दात-ओठ खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ मळलं. माझ्यात आता बाकी काही उरलं नसेल, पण हट्ट होता.

साहेबरावांनी माझं ताट नाकारणं फार दिवस मनात ठेवलं. एका दुपारी हॉटेल भरलेलं असताना ते भज्यांचं ताट घेऊन टेबलापाशी आले, ते माझ्यासमोर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “म्याडम, एकदा खरं सांगून टाका. आमच्या हातचं तुम्हाला चालंना व्हय?”

आजूबाजूचे घास थांबले. बद्रीदादांनी मान खाली घातली.

हे वाक्य माझ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या झेललंय. तुमच्या हातचं आम्हाला चालत नाही. आज एक पाटील ते उलटं करून मला विचारत होता, आणि त्याच्या तोंडावर खरोखर लागलेलं दिसत होतं. क्षणभर मला बरं वाटलं, खोटं बोलणार नाही. लगेच वाईटही वाटलं. एक भजं उचलून तोंडात टाकलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण आज मिटवलं तर उद्या पुन्हा एक, परवा पुन्हा, आणि मग ती डेपोतली खुर्ची. मी ताट सरकवलं.

“मालक, तुम्ही काय जेवता?”

“म्हंजी?”

“दुपारी. तुम्ही सोता. ही भजी खाता का?”

साहेबराव गडबडले. बद्रीदादाच पुटपुटले, “मालकाला बीपी हाय. ते घरचं खातात.” कुणीतरी हसलं.

हॉटेलाच्या मागच्या भिंतीला एक दार होतं. त्याच्या पलीकडं साहेबरावांचं घर. इतक्या वर्षांत स्टाफमधलं कुणी त्या दाराच्या आत गेलं नव्हतं आणि तिकडचं भांडं इकडं आलं नव्हतं.

“मग मला बी घरचं वाढा,” मी म्हणाले. मी आवाज खाली येऊ दिला नाही. “तुमच्या हातचं मला लई चालतं. पण तुमच्या कढईतलं नाय. हॉटेलातलं तुम्ही कुणाला बी वाढता, मालक. घरातल्या तव्यावरची भाकरी मला वाढाल का? वाढायची नसंल तर तसं सांगा, मी माझा डबा खाते आन आपण दोघं बी गप बसू. पण ह्या ताटाला मी पुन्हा हात लावणार नाय. मला बरं व्हायचंय.”

साहेबरावांनी दाराकडं बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. माणूस आत कोण काय म्हणेल त्याचा हिशेब करतो, तसं बघणं. मग ते आत निघून गेले. मी डबा उघडला. झालं, मी मनात म्हटलं, आता बद्रीदादांचा उरलेला गुलाबजामही गेला.

दार पुन्हा उघडलं. साहेबराव स्वतःचं ताट घेऊन आले होते. भाकरी, तुरीचं वरण, कांदा. त्यांनी खुर्ची ओढली आणि स्टाफच्या टेबलावर, माझ्यासमोर, बसले. गल्ल्यावरचा माणूस नोटा मोजायचा विसरला. साहेबरावांनी आपल्या ताटातली एक अख्खी भाकरी उचलली, माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली आणि वर वाटीभर वरण ओतलं.

“खा,” ते म्हणाले.

मी खाल्लं. वरण साधंच होतं, हिंग जरा जास्त. मग मी माझ्या करपलेल्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, त्यावर जवसाची चटणी घातली आणि त्यांच्या ताटात ठेवला. तोंडाकडं बघितलं नाही, हाताकडं बघत राहिले. हात थोडा वेळ ताटाच्या कडेवर थांबला. मग त्यानं तुकडा उचलला.

साहेबराव बराच वेळ चावत होते. “लसूण कमी हाय,” ते म्हणाले.

“उद्या जास्त घालते,” मी म्हणाले.

बद्रीदादांनी गाडीत जाऊन हॉर्न दिला. प्रवासी हात पुसत गाडीकडं निघाले. पायरीवर पाय ठेवला आणि मी तिथंच थांबले. कित्येक महिन्यांत मी उद्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मागून एक म्हातारी ओरडली, “ए बाई, चढती का वर, का मी चढू तुह्या अंगावरून?” मी तिच्यावर खणखणीत ओरडले, तिचं गाठोडं वर घेतलं आणि तिला खिडकीशी जागा करून दिली. डॉक्टर निशांना काय सांगायचं ते ठरलं होतं: गोळ्या चालू ठेवा, हलक्या कामाची चिठ्ठी लिहू नका. मग दोरी धरली आणि डबल बेल दिली.