बांधावरचा थाईम

भूषणने ‘थाईम’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो भुसावळात, आणि ऐकला तोही चुकीचा.

कोकिळाआत्याला गाडीत बसवायला तो चोपड्याहून आला होता. गाडी गेली आणि त्याला सपाटून भूक लागली. रेल्वे कॉलनीच्या मागून भाजल्या पावाचा वास येत होता. त्या वासामागे चालत गेला तर एक छोटं दुकान, आत भट्टी, आणि कोपरापर्यंत पिठाने माखलेली एक मुलगी. तिचं नाव मयुरी. पुण्यात बेकरीचं शिकून आलेली आणि वडिलांच्या जुन्या क्वार्टरजवळच दुकान टाकलेली. तिने त्याच्यापुढे गरम पिझ्झा ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

“कसा झालाय? खरं सांगा.”

“एक नंबर.”

“नाही झालेला. ताजा थाईम पाहिजे होता. भुसावळात मिळतच नाही.”

“टाईम तर आजकाल कुणालाच मिळत नाही,” भूषण समजूतदारपणे म्हणाला.

मयुरी अशी हसत सुटली, की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. “टाईम नाही हो, थाईम! पाला असतो, बारीक. वासाचा.”

“अच्छा, तो होय!” भूषण म्हणाला. हसताना तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं, आणि ते बघता बघता त्याच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप निघालं. “आमच्या शेतात पिकतो ना. आणून देतो की.”

त्याच्या शेतात केळी होती. केळीच्या पलीकडे कापूस होता. थाईम कसा दिसतो हे त्याने एसटीत बसल्यावर मोबाईलवर पाहिलं.

बी मागवलं. ते खसखशीपेक्षाही बारीक निघालं. केळीशेजारी वाफा करून पेरलं. केळीला लावतो तसा ठिबकचा एक फाटा त्याने मोठ्या मायेने त्या वाफ्यालाही दिला. कोंब आले, दोन दिवस डोलले आणि कुजून गेले. वडील, झुलालआबा, रोज बांधावर उभे राहून बघत.

“केळीना वावरमा गवत पेरस का? लोके हासतीन.”

“आबा, हे गवत नाही. विलायती मसाला आहे.”

“मंग विलायतले पेर.”

भूषणने नाशिकच्या नर्सरीतून रोपं आणली. तिथल्या माळ्याने बजावून सांगितलं होतं, याला लाड चालत नाहीत, पाणी तर नकोच. मग त्याने विहिरीजवळच्या मुरमाड बांधावर, जिथे कुसळही धड येत नसे, तिथे ती रोपं लावली आणि मन घट्ट करून त्यांच्याकडे पाठ फिरवली. थंडी पडली तशी रोपं पसरली. बारीक, करडी-हिरवी पानं, आणि हात लावला की बोटांना दिवसभर पुरणारा वास.

आईने, यशोदाबाईंनी, एक काडी चुरगळून नाकाला लावली. “अरे, हाई तं ओवाच शे!”

ओवा नव्हता, पण त्या फार चुकल्या नव्हत्या. वास त्याच घराण्यातला. यशोदाबाईंनी लगेच त्याला ओव्याच्या सगळ्या कामांना जुंपलं. आबांना थंडीचा खोकला होता. पाला उकळून, गूळ घालून त्यांना काढा पाजला. आबांनी तोंड वाकडं करत प्यायला, आणि त्या दिवशी जरा कमी खोकले. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता त्यांनी आपला पेला पुढे केला. आठवड्याभरात भूषणला ते बांधावर सापडले, ते ठेच्याच्या भाकरीवर थाईमची पानं ओरबाडून टाकताना.

“आबा, गवत खाता?”

“चव शे,” आबा पाठ फिरवून म्हणाले.

पहिली जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून भूषण भुसावळला गेला. मयुरीने फडकं उघडलं, जुडीत तोंड खुपसलं आणि तशीच थांबली. तोंड वर काढलं तेव्हा तिच्या नाकाला दोन पानं चिकटलेली होती.

“तुम्ही खरंच पिकवलात?”

“मग! आमचं पिढीजात पीक आहे.”

“तुमची चप्पल,” ती म्हणाली.

भूषणने खाली पाहिलं. एका पायात त्याची चप्पल होती, दुसऱ्यात आबांची. चोपड्यापासून भुसावळपर्यंत तो असाच आला होता. मग दोघेही इतके हसले, की भट्टीतले पाव करपले.

त्यानंतर तो दर आठवड्याला जुडी घेऊन जाऊ लागला. मयुरीने थाईम पावात घातला, बटाट्यावर घातला, लोण्यात कालवला, लिंबाच्या सरबतातही टाकून पाहिला. प्रत्येक वेळी पहिला घास भूषणचा. मनातलं मात्र तो काही बोलेना. तोंड उघडलं की केळीच्या भावावर घसरायचा.

शेवटी त्याने तिला आणि तिच्या वडिलांना शेतात भरीत खायला बोलावलं. वडील हेमराजभाऊ रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले, आवाज शिट्टीसारखा. यशोदाबाईंनी कापसाच्या वाळक्या पळकाट्या पेटवून त्यात हिरवी वांगी भाजायला टाकली. हेमराजभाऊ आबांबरोबर केळी बघत निघाले, तशी मयुरी भूषणला घेऊन बांधावर गेली.

“आमचे सर एक सांगायचे,” ती म्हणाली. “तिकडे युरोपात पूर्वी लढाईला निघालेल्या माणसाला बायका थाईमची डहाळी द्यायच्या. धीर यावा म्हणून. तिकडे थाईमचा अर्थच धीर.” तिने एक डहाळी तोडली आणि त्याच्या खिशाला खोचली. “आज जेवायच्या आत बोलायचं. माझ्याशी नाही, बाबांशी. माझं कधीच ठरलंय.”

भूषणचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पळकाट्यांच्या धुरातून तो तरंगतच परत आला आणि केळी बघून आलेल्या हेमराजभाऊंसमोर उभा राहिला.

“काका.”

“बोला.”

“काका, केळीचे भाव यंदा...”

मयुरीने कपाळावर हात मारला.

भूषणने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तेवढ्यात आबा चव बघायला भरीत-भाकरी घेऊन बाजूला आले. त्यांना मुलाच्या खिशात आवडता पाला दिसला. त्यांनी तो सहज काढला, भरताबरोबर भाकरीवर ठेवला आणि खाल्ला. सगळाच.

“आबा!” मयुरी किंचाळली.

“काय व्हयनं?”

“ती धीराची डहाळी होती! बोलायला धीर यावा म्हणून मी त्यांना दिली होती!”

आबा चावायचे थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मयुरीकडे पाहिलं, आणि महिनाभराच्या त्या भुसावळच्या फेऱ्या त्यांच्या ध्यानात आल्या. घास गिळून त्यांनी उपरण्याने मिशा पुसल्या.

“मंग आते माले बोलनं पडी,” ते म्हणाले. “हेमराजभाऊ, मन्हा आंडोर तुमनी पोरवर जीव टाकस. तो काही बोलाव नही. मी बोलस. तुमनी पोर आमना घर द्या.”

मग हेमराजभाऊ इतक्या मोठ्याने हसले, की केळीतले बगळे उडाले.

“अहो, मी मूळचा पिंपळनेरचा, अहिराणी माझीच बोली. सकाळपासून वाट बघतोय कोण बोलतं याची! पोरीला विचारा.”

“माझं हो आहे,” मयुरी म्हणाली. “पण भुसावळची भट्टी मी बंद करणार नाही.”

“बंद कसाले करशी?” यशोदाबाई उरलेली वांगी सोलता सोलता म्हणाल्या. “चोपड्याले बी एक लाव. तुन्हा पाव खावाले मी कितला दिन भुसावळनी वाट देखू?”

एवढं सगळं झालं तरी भूषण काही बोलला नव्हता. कारण तो तिथे नव्हताच. केळीच्या दोन ओळींमधून तो दोन्ही हात पसरून पळत सुटला होता. नुकतं पाणी दिलेल्या जागी त्याचा पाय घसरला आणि तो आडवा झाला. मयुरी चपला हातात घेऊन धावली, त्याला उठवायला वाकली आणि तीही चिखलात बसली. मग दोघेही उठायची घाई न करता, माखल्या तोंडांनी एकमेकांकडे बघून हसत राहिले.

“परत जाताना आमच्या गाडीची सीट खराब होणार,” हेमराजभाऊ म्हणाले.

“व्हऊ द्या,” आबांनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. “तुम्ही बसा. भरीत थंड व्हई राह्यनं.”