मनगटाचं लाकूड

लाँड्रीवाल्या आजीला तिच्याच घरात "बाहेर व्हा" म्हणायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. पियानोच्या बाईंनी केली.

शनिवारी परीक्षा. नात पास झाली तर संगीतशाळेत जागा, नाहीतर प्रवेशाचं वय उलटून जाणार, पुन्हा विचारायचं नाही. आणि पोरगी वाजवताना रोज एकाच जागी अडकायची. उजवा हात सरसर वर चढायचा, अंगठा बोटांखालून पुढे काढायची वेळ आली की ठेचकाळायचा. बाकी सगळं तोंडपाठ.

"सहा महिने समोर ठाण मांडून बसतेय मी! जोरात वाजव, ताठ बस, पुन्हा घे, सांगून सांगून घसा बसला माझा!"

"तेच तर." बाईंनी नातीचा हात उचलून सोडला. तो खाली पडेचना, खुंटीला टांगल्यासारखा तसाच राहिला. "बघा, मनगटाचं लाकूड झालंय. अंगठा सरकणार कसा?"

"म्हणजे खोट माझ्यात? इस्त्री ओढून ओढून खांदे गेले, तेव्हा हे पियानोचं धूड घरात आलं!"

"आजी," नात मान खाली घालून म्हणाली, "ती जागा यायच्या आधीच मला तुझं ओरडणं ऐकू येतं गं."

बाईंनी "बाहेर व्हा" म्हटलं, तशी आजीने बाहेर पडून दार असं आपटलं की चौकट हलली. जिन्यात बसली. काल आलेली बाई, मला शहाणपण शिकवते!

आतून आवाज आला, "हळू. चुकलं तर चुकू दे."

चुकू दे! आग लागो त्या शिकवण्याला!

एकदा चुकलं. चारदा चुकलं. आठव्यांदा हात न अडखळता थेट वर गेला. आजीच्या तोंडून "अस्सं!" निघणारच होतं, तिने तळहाताने तोंड दाबलं. आवाज आत गेला की संपलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा शेजारी बूट आपटत आला. "काय आजी, घराबाहेर काढलं वाटतं?"

आजीने त्याची बाही धरली. जन्मभर गल्लीभर ऐकू गेलेल्या शिव्या तिने त्याच्या कानात, श्वासाएवढ्या आवाजात दिल्या. "बूट काढ, मेल्या! हातात घे! आणि खोकलास तर याद राख!"

तो अनवाणी वर गेला.

आत हात पुन्हा अडखळला. आजीने ओठ दातांखाली धरला, कठड्याची सळई दोन्ही हातांनी आवळली आणि गप्प बसून राहिली.