डोक्याला डोकं लागल्याशिवाय

नूपुरच्या डोक्यात उवा सापडल्या त्या रविवारी, न्हाणं चालू असताना, आणि सुचित्राच्या हातून शाम्पूची बाटलीच सुटली. एक ऊ तर भांगातून इतक्या निवांतपणे चालली होती, की जागा भाड्याची नाही, मालकीची असावी.

सुचित्रा परळच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते. नाही नाही ते आजार तिच्या हाताखालून जातात आणि तिचा हात कधी थरथरत नाही. पण स्वतःच्या चार वर्षांच्या पोरीच्या केसांत ती चालती-फिरती वस्ती बघून तिला घाम फुटला. तिने सासूला हाक मारली.

रखमाबाई आल्या, चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी डोकं चाचपलं आणि निकाल दिला, "उवाच हायत. लिखा पण हायत."

"पण आई, इथे? ह्या बिल्डिंगमध्ये?"

"मग काय झालं? आपण लिफ्टनं आलो, त्या पण आल्या." रखमाबाईंना नायगावची जुनी चाळ सोडून ह्या एकोणिसाव्या मजल्यावर येऊन वर्ष झालं होतं, पण टॉवरचा मान ठेवायला त्या अजून शिकल्या नव्हत्या. "सीताफळाच्या बिया वाटून लाव. सकाळपत्तूर साफ."

"काही नको. डोळ्यात गेलं म्हणजे जन्माचं दुखणं."

सुचित्राने औषध आणलं, बारीक दातांची फणी आणली, पोरीला दिवाणखान्यात पांढऱ्या चादरीवर बसवलं आणि केस विंचरायला घेतले. विंचरता विंचरता तिचा चेहरा उतरत गेला. ती स्वतः दुसरीत असताना तिच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. तेव्हा बाईंनी तिला भर वर्गात उठवून शेवटच्या बाकावर बसवलं होतं आणि कुणीतरी म्हणालं होतं, 'त्या चाळीतल्या ना, असणारच.' घरी आल्यावर आईने रडत रडत तिचे केस मुलासारखे कापले. चाळीतलं म्हणजे नेमकं काय, हे तिला पुढे मोठेपणी नीट कळलं, आणि कळल्यावर ते जास्त लागलं. म्हणून नूपुरची नखं, रुमाल, मोजे, सगळं ती असं चकचकीत ठेवायची की कुणाला बोलायला जागा राहू नये. आणि आता हे.

पण खरी धास्ती वेगळीच होती. नूपुर घरात अखंड बडबडायची. कुकरशी बोलायची, चपलांशी बोलायची, आजीच्या पोटावर डोकं ठेवून आजीच्या पोटाशीसुद्धा बोलायची. आणि नर्सरीचं फाटक ओलांडलं की तोंडाला कुलूप. जूनपासून तिथे तिने एक शब्द काढला नव्हता. पद्मजा टीचरांनी समजुतीने सांगितलं होतं, "हुशार आहे, सगळं समजतं तिला. पण कुणात मिसळत नाही. एकटीच बसते." नूपुरचा बाबा गौतम म्हणायचा, "बोलेल गं, घाई काय आहे?" बापांना असं म्हणायला काय जातं! सुचित्राला मात्र डबा भरताना रोज तेच दिसायचं, की आपली पोर कोपऱ्यात एकटी बसून पोळीभाजी खाते आहे. माझ्या मुलीला तिथे कुणी नाही, हे वाक्य तिच्या मनात घर करून बसलं होतं. आता उवांची बातमी पसरली की एखादं पोर चुकून जवळ येणार असेल, तेही लांब पळणार.

दुःखाचा राग व्हायला आईला वेळ लागत नाही. सोमवारी सुचित्राने सुट्टी टाकली आणि सकाळीच नर्सरीत जाऊन पद्मजा टीचरांना गाठलं.

"माझ्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात. तिला हे इथूनच मिळालंय. कुणाकडून, ते मला कळायला हवं."

पद्मजा टीचर दोरीवर मुलांची चित्रं लावत होत्या. त्या मुळीच दचकल्या नाहीत. दर वर्षी एकदा तरी हे होतंच, म्हणाल्या. "नाव मी कुणाचंच सांगणार नाही, तुमच्या मुलीचंही नाही. ग्रुपवर मेसेज टाकते, सगळेच तपासतील. घरी ठेवायची गरज नाही. आणि एक, वाईट वाटून घेऊ नका. उवा स्वच्छ डोकं, घाणेरडं डोकं असं काही बघत नाहीत."

"पण आल्या कशा? एकीकडून दुसरीकडे उड्या मारल्या?"

"छे! उवांना ना उडी मारता येत, ना उडता येत. चालत जातात बिचाऱ्या. डोक्याला डोकं लागल्याशिवाय नाही येत. तेही बराच वेळ."

सुचित्रा पुढचं भांडण तोंडात घेऊन उभी होती, ते तिथेच राहिलं.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "नूपुरच्या डोक्याला कुणाचं तरी डोकं लागतं?"

टीचरांच्या हातातलं चित्र तसंच राहिलं. त्यांनी वर्गाकडे बघितलं. भिंतीजवळ नूपुर एकटी ठोकळे रचत होती, आजूबाजूला हातभर मोकळी जागा. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या, "वर्गात तर नाही लागत. मी बघते ना रोज. तुमच्याकडे सोसायटीत कुणी?"

सोसायटीत सगळ्यांची दारं बंद असतात, हे सांगण्यात अर्थ नव्हता. घरात बाकीच्यांची डोकी रात्रीच तपासून झाली होती, ती साफ निघाली होती. सुचित्रा बाहेर आली आणि समोरच्या रसवंतीत जाऊन बसली. राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. कुणाचं डोकं? एवढा एकच प्रश्न तिच्या डोक्यात वळवळत राहिला. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, की हे काहीतरी भलतंच निघेल आणि हाताला पुन्हा काही लागणार नाही.

सुट्टी झाली. फाटकाशी पालकांची गर्दी, टीचर एकेका पोराला हाताला धरून बाहेर सोडतायत. रखमाबाईंच्या गुडघ्यांमुळे नूपुरला न्यायला रोज उशीर व्हायचा, हे सुचित्राला माहीत होतं. गर्दी ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग चपला-बुटांच्या मांडणीपाशी आत डोकावली.

बाकावर दोन पोरी बसल्या होत्या. म्हणजे फ्रॉक दोन होते, पाय चार होते आणि डोकं एकही नव्हतं. दोन्ही डोकी मांडीवरच्या एका मोठ्या गुलाबी दप्तरात खुपसलेली होती. आणि त्या दप्तरातून आवाज येत होता.

"आणि मग ना, आमच्या आजीने कुकर उघडला आणि त्यात ना, डायनासोर!"

"खरा?"

"खराच! मी त्याला बोलली, तू शिट्टी मार."

तो आवाज नूपुरचा होता. घरातला. खणखणीत नव्हता, दबका होता, पण तिचाच होता. सुचित्रा मांडणीला धरून उभी राहिली. चार महिने ज्या आवाजासाठी तिने देवाशी काय काय देवाणघेवाण मनातल्या मनात करून ठेवली होती, तो एका दप्तराच्या तळातून असा फुकटात येत होता. तिला त्या सगळ्या उवांना हात जोडावेसे वाटले.

तेवढ्यात मागून तरातरा कुणीतरी आत आलं, पाठोपाठ पद्मजा टीचर. "ऋता! बाहेर काढ डोकं! काढ आधी!"

ती ऋताची आई, प्रीती. लालबागहून दुकान सोडून रोज उशिरा धावत येणारी, आणि आज ग्रुपवरचा मेसेज वाचून जास्तच पेटलेली. तिने पोरीचं डोकं दप्तरातून ओढून काढलं, केस बाजूला केले आणि कपाळावर हात मारला. "बघितलंत टीचर? आमच्यात सात पिढ्यांत असलं काही नव्हतं! कुणाजवळ बसतेस गं तू? ही कोण? आजपासून हिच्याजवळ बसायचं नाही. कळलं? मी नर्सरीच बदलते, बस झालं!"

ऋताचा ओठ खाली आला. नूपुर तर दप्तराच्या पट्ट्याला धरून अशी आक्रसली, की आहे तेवढीसुद्धा राहिली नाही. अजून थांबलेले दोन-चार पालक वळून बघू लागले.

सुचित्राला सगळं सांगता आलं असतं, की ऊ कुणाकडून कुणाकडे गेली हे देवालाही सांगता येणार नाही. कदाचित तुमच्याच पोरीकडून माझ्या पोरीकडे आली असेल. असंच तोंडावर आलं होतं. दुसरीतला शेवटचा बाकही आठवला. 'असणारच' म्हणणारं तेही तोंड आठवलं. पण भांडण जिंकलं की ऋता जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

"अहो, तिला ओरडू नका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी नूपुरची आई. माझ्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात. तिच्याकडूनच गेल्या असतील. चूक आमची. तुमच्या मुलीचं डोकं मी स्वतः साफ करून देते. औषध आहे, फणी आहे, मला सवय आहे. पण ह्या दोघींना तोडू नका. माझी मुलगी इथे कुणाशीच बोलत नाही हो. फक्त हिच्याशी बोलते. आत्ताच कळलं मला."

भांडायला समोर कुणी उभंच नसलं की माणसाची फार पंचाईत होते.

"बाहेर नाही बोलत ती," ऋताने नाक ओढत खुलासा केला. "दप्तरात बोलते. खूप बोलते."

प्रीतीने नूपुरकडे नीट बघितलं. मग काहीतरी म्हणायला म्हणून तिने हात वर केला, तो मध्येच तिच्या स्वतःच्या डोक्याकडे गेला आणि करकरा खाजवू लागला. लक्षात येताच ती थांबली. सुचित्राने बघितलं, टीचरांनी बघितलं. आधी पद्मजा टीचर हसल्या, आणि मग प्रीतीलाच हसू आवरेना. "मेले मी! माझ्या पण असतील नाही का? रात्री कुशीत झोपते ना ही."

"तुमचं पण करू," सुचित्रा म्हणाली. "रविवारी या. नूपुरलाही तेव्हा पुन्हा औषध लावायचंय."

रविवारी प्रीती आणि ऋता खरंच आल्या. दिवाणखान्यात पांढरी चादर, पाण्याची वाटी, दोन फण्या. सूत्रं अर्थातच रखमाबाईंच्या हातात. "आपल्या आईकडं पोरी नखरे करत्यात," त्या म्हणाल्या. "अदलाबदल करा. परक्या हाताखाली गुमान बसतील." म्हणून ऋता सुचित्रापुढे आणि नूपुर प्रीतीपुढे बसली. मध्ये चांगलं अंतर, कारण साफ होईपर्यंत डोक्याला डोकं लावायला सक्त बंदी होती. दार रखमाबाईंनी सताड उघडं ठेवलं होतं. लिफ्टमधून बाहेर पडलेली एक शेजारीण थबकली, काय चाललंय ते बघून आधी कसंनुसं हसली, आणि मग आत येऊन हळूच म्हणाली, "फणी कुठून आणली हो? आमच्याकडे पण लागेल."

थोड्या वेळाने ऋताने कुजबुजून काहीतरी विचारलं. ते नूपुरपर्यंत पोचलं नाही. नूपुर उठून तिच्याकडे जायला लागली, तर प्रीतीने तिला अलगद खाली बसवलं. "आज नाही हं राणी. इथूनच सांग तिला."

नूपुरने प्रीतीकडे बघितलं, दारातल्या शेजारणीकडे बघितलं. सुचित्राची फणी ऋताच्या केसांत थांबली. रखमाबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"तुझ्या निघाल्या काऽऽ?" ऋता ह्या वेळी ओरडलीच.

"निघाल्या!" नूपुर म्हणाली. आवाज जरा चिरकला, मग सावरला. "एक मोठ्ठी होती! डायनासोरएवढी!"

"माझ्या जास्त निघाल्या!"

"नाही! माझ्या जास्त!"

आणि मग मान मागे वळवून, कपाळाला आठी घालून, आठवड्यापूर्वी जिचं नावही तिला माहीत नव्हतं त्या बाईला ती म्हणाली, "काकू, हळू ना. दुखतंय मला."

"हो गं बाई, चुकलं," प्रीती म्हणाली आणि केसांची पुढची बट हातात घेतली. आपल्याशी कोण बोललं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. सुचित्रा ऋताच्या डोक्यावर आणखी खाली वाकली, पण डोळे असे भरून आले होते, की तिला एकही लीख दिसेना.