मोकळी ठेवलेली जागा

मित्रांनो, मी भरतकामाची एक जुनी चौकट आहे. चार लाकडी दांड्या आणि कोपऱ्यांत खुंट्या, एवढाच माझा पसारा. परदेशांतून आलेल्या लोकांनी आणि इथल्यांनी मिळून चालवलेल्या कला केंद्रात एका सुताराने मला मोडक्या दारातून घडवलं. "कापड घट्ट धर आणि कुरकुरू नकोस," असं त्याने बजावलं होतं. कुरकुरते मी अजूनही, पण कापड कधी सैल पडू दिलं नाही.

माझ्यावर दोघींनी मिळून काम करायचं. एकीने वरून सुई खाली द्यायची, दुसरीने खालून वर. वर बसायची इथलीच शिंपीणमावशी, तोंडाचा पट्टा सतत चालू. खाली बसायची नवी आलेली अबोली. तिला इथली भाषा येईना, म्हणून मावशीनेच हे नाव ठेवलं होतं. "अगं अबोले, सुई टोचलीस की मला!" मावशी ओरडायची आणि दोघी खो-खो हसायच्या. दोघींचं चांगलंच मेतकूट जमलं होतं.

कापडावर दोघींनी आपापल्या गावचं झाड भरलं. अबोलीने झाडाशेजारी पंज्याएवढी जागा मोकळी ठेवली. जेवणाच्या सुट्टीत तिथे हात ठेवून ती मायदेशी अडकलेल्या लेकीशी फोनवर बोलायची. लाकडाला सगळ्या भाषा सारख्याच, त्यामुळे मला कळायचं. लेक आली की ती जागा तिनेच भरायची होती.

प्रदर्शन जवळ आलं. बिचारीचं काम राहिलंय, असं मावशीला वाटलं. एका दुपारी तिने एकटीनेच, एक हात वर, एक हात खाली, ती जागा पानांनी भरून टाकली. मी जीव तोडून कुरकुरले, तर तिने माझ्या खुंट्यांना तेल घातलं! आणि मी मेली, सवयीने कापड घट्ट धरून राहिले.

"बघ, तुझं काम पुरं केलं!" दुसऱ्या दिवशी मावशी कौतुकाने म्हणाली. अबोलीने पानांवरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि गेली. ती परत आलीच नाही.

केंद्रातल्या, तिच्याच देशाच्या ढोलकीवाल्याने तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं; त्याने मावशीला सगळं सांगितलं. "अगं बाई, काय करून बसले मी!" म्हणत मावशीने टाका न् टाका उसवला. मग अबोलीचं घर गाठलं, तर घराला कुलूप. ती गाव सोडून गेली होती.

मित्रांनो, मला फार वाईट वाटतं. मला तोंड नव्हतं. मावशीला होतं, हातही होते, निदान खुणेने तरी विचारता आलं असतं. कुणासाठी काही करायला जाल, तेव्हा आधी त्याला विचारा.