हशा मोजणारे घड्याळ

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझ्या डोक्यावर एकच खटका आहे. एकदा दाबला की मी धावतो, पुन्हा दाबला की थांबतो, तिसऱ्यांदा दाबला की शून्यावर येतो. मित्रांनो, सेकंदाला पाच वेळा टिकटिकणाऱ्या जिवाला स्वस्थता कशी असणार? मला जन्मतःच चैन नाही.

माझे पहिले मालक सग्डनसाहेब इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या एका लोकरीच्या गिरणीत नोकरीला होते. त्यांचे काम असे, की मागांवरच्या बायकांच्या पाठीशी उभे राहायचे आणि तुटलेला धागा जोडायला कोणाला किती वेळ लागतो ते मोजायचे. एखादी बाई परसाकडे गेली तरी मला चालू करायचे. मी खिशातून बाहेर निघालो की माग सोडून सगळ्या जणी माझ्याकडे डोळे वटारून बघत. मी काय वाईट केले होते? पण तिरस्कार झेलण्यातच माझे बालपण गेले.

साहेबांची मुलगी हिल्डा मात्र निराळी निघाली. टायपिस्टची नोकरी सोडून ती लंडनला रेडिओसाठी विनोद लिहायला निघाली, तेव्हा स्टेशनवर बापाने मला तिच्या हातात ठेवले.

"हसवण्यावर पोट भरत नाही, पोरी," ते म्हणाले. "निदान वेळ तरी वाया घालवू नकोस."

हिल्डाने वेळ वाया घालवला नाही. उलट तिने मला असे काम दिले, जे जगात कोणी घड्याळाला दिले नसेल. ती आणि तिचा जोडीदार लेन ट्रँटर मिळून लिहीत आणि मिळून रंगमंचावर उभे राहत. लेन शेजारच्या हॅलिफॅक्स गावचा, लांब नाकाचा, सावकाश बोलणारा माणूस. क्लबांत, चर्चच्या सभागृहांत त्यांचे कार्यक्रम होत आणि लोक हसले की हिल्डाचा अंगठा माझ्या खटक्यावर पडे. हसू थांबले की पुन्हा खटका. मग घरी चहा घेत ती वहीच्या समासात पेन्सिलीने आकडे लिही. तीन सेकंदांहून कमी हशा मिळालेला विनोद खोडून टाकायचा, असा तिचा नियम होता.

"अगं, तू विनोद लिहितेस की भाजी तोलतेस?" लेन विचारी.

"तुझा विनोद पावणेतीन भरला. गेला."

"पाव सेकंद तरी सोड! दाराशी बसलेला तो म्हातारा उशिरा हसला. त्याला ऐकू कमी येतं."

"त्याला पुढच्या वेळी पुढे बसव," हिल्डा म्हणे आणि खोडून मोकळी होई.

लेनची एक गोष्ट मात्र कधीच खोडली गेली नाही. एक माणूस ट्राममधून कपडे ठेवायचे कपाट घरी न्यायला निघतो. कंडक्टर म्हणतो, कपाटाचे वेगळे तिकीट पडेल. माणूस दार उघडून कपाटात शिरतो आणि आतून म्हणतो, "हा माझा कोट आहे. खांद्यात जरा सैल शिवलाय, एवढंच." ही गोष्ट दोन मिनिटे दहा सेकंदांची होती आणि तिच्या शेवटचा हशा कधी नऊ सेकंदांच्या खाली आला नाही. तेवढा वेळ सलग धावताना मलाही बरे वाटे. गिरणीतल्या बायकांची आठवण तेवढ्यापुरती पुसली जाई.

मग तो रविवार उजाडला. दोघांना रेडिओवर अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम मिळाला होता. तो चांगला झाला तर पुढे तेरा आठवड्यांची मालिका, नाही तर पुन्हा क्लब. कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा. वेळ संपली की बातम्या सुरू, मग तुमचे वाक्य अर्धे राहो की पुरे. प्रसारणाची वेळ बघणारी मुलगी नेमकी गोवराने अंथरुणाला खिळली. निर्माते गॅस्कॉइनसाहेब काचेपलीकडे बसणार होते. ते हिल्डाला म्हणाले, "तुमच्याकडे घड्याळ आहेच. तुम्हीच सांभाळा."

प्रसारण सुरू होण्यापूर्वी कोणीतरी पुढे जाऊन प्रेक्षकांना हसते करायचे, ही तिथली पद्धत. ते काम लेनकडे होते. बाहेरच्या थंडीने काकडलेली, फुकट तिकिटांवर आलेली माणसे ओले कोट मांडीवर घेऊन बसली होती. लेन सावकाश पुढे गेला, सगळ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शुभ संध्याकाळ. निदान तुम्हाला तरी बसायला जागा मिळाली."

हशा उसळला आणि हिल्डाचा अंगठा सवयीने माझ्यावर पडला.

मी धावू लागलो. तेवढ्यात कोणीतरी तिला बदललेले पान आणून दिले आणि मला थांबवायचे राहून गेले. लेन दोन मिनिटे लोकांना हसवत होता. मग प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. हिल्डाने माझ्याकडे पाहिले. काटा पळताना दिसला आणि तिला वाटले, आपण दिव्याबरोबर खटका दाबला. मी ओरडून सांगणार तरी कसे? मला टिकटिकण्यापलीकडे काही येत नाही. अर्धा तास माझा जीव कासावीस झाला होता.

कार्यक्रम छान रंगला. शेवटाकडे हिल्डाने माझ्याकडे पाहिले आणि ती पांढरीफटक पडली. माझ्या हिशोबाने ठरल्यापेक्षा दोन मिनिटे जास्त झाली होती. लेन कपाटाच्या गोष्टीसाठी घसा साफ करत होता. तिने त्याच्यासमोर पाने उलटली आणि थेट शेवटचा प्रवेश सुरू केला. काचेपलीकडे गॅस्कॉइनसाहेब दोन्ही हात ताणून दाखवत होते. लांबवा, लांबवा! तिला वाटले, ते घाई करायला सांगताहेत. ती आणखी भरभर बोलू लागली.

कार्यक्रम दोन मिनिटे आधीच संपला. उरलेला वेळ वाद्यवृंदाने कसाबसा भरून काढला.

साहेब खाली आले. "वरच्या मंडळींचा आत्ताच फोन आला. कार्यक्रम आवडला त्यांना. पण ते कपाटाचं का गाळलंत?"

लेन दोन पावलांवर उभा होता. हिल्डाने मला मुठीत घट्ट धरले. घड्याळ चुकून आधी चालू झाले, एवढे एकच वाक्य बोलायचे होते. पण पहिल्याच दिवशी चूक कबूल केली तर बाईमाणसाला दुसरा दिवस मिळेल की नाही, या भीतीने तिला घेरले.

"त्याचं जरा लांबतं," ती म्हणाली.

लेनने टोपी घातली.

मालिका मिळाली, ती हिल्डा सग्डनला. लेनशिवाय काही अडत नाही, असे वरच्या मंडळींना आयतेच कळले होते. लेन समुद्रकाठच्या करमणुकीच्या खेळांत आणि नाताळच्या नाटकांत कामे करू लागला. हिल्डा पुढे दूरचित्रवाणीवर गेली, तिचा चेहरा रस्त्यात ओळखू येऊ लागला, तिला बक्षिसे मिळाली. पण मित्रांनो, तिच्या हाताला थारा नव्हता. किटली उकळेपर्यंत ती मला चालू करी, बस येईपर्यंत चालू करी. एका स्नेह्याच्या अंत्यविधीत पाद्रीबाबांचे भाषणही तिने मोजले. एकदा तिने समोर कोणी नसताना मला चालू केले, दोन मिनिटे दहा सेकंद झाल्यावर थांबवले आणि उशीत तोंड खुपसून रडली.

पुढे ध्वनिफिती आल्या, यंत्रातून हशा येऊ लागला. माझी गरज संपली. कितीतरी वर्षे मी केसांच्या आकड्यांबरोबर एका खणात पडून होतो. कोणी किल्ली दिली नाही, तेलाचा थेंब दिला नाही. मी गंजू लागलो.

एके दिवशी खण उघडला. हिल्डाच्या हातात लेनचे एक पोस्टकार्ड होते. तो आता स्कारबरोला वृद्ध कलावंतांच्या आश्रमात राहत होता. कार्डावर एकच ओळ होती: 'इथली अंडी फार कडक उकडतात.'

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्यासमोर बसलो होतो. हिल्डाने आगगाडीत घोकलेले भाषण विसरून मला टेबलावर ठेवले.

"लेन, तुझं लांबत नव्हतं. तू शुभ संध्याकाळ म्हणालास ना, तेव्हाच मी हे दाबलं होतं. चूक माझी होती. आणि मी खोटं बोलले."

"माहीत आहे," लेन म्हणाला. "दाबताना बघितलं मी तुला."

"बघितलंस? मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. विनोदात थांबता आलं पाहिजे, हे मान्य. पण बाई, एकोणीस वर्षं?"

हिल्डा हसता हसता रडली की रडता रडता हसली, ते मला कळले नाही. मग लेन काठी टेकत उठला. दुपारच्या चहाला जमलेल्या अकरा म्हाताऱ्यांसमोर आणि मिसेस हॉबडे या स्वयंपाकीणबाईंसमोर त्याने कपाटाची गोष्ट सांगायला घेतली. हिल्डा कंडक्टर झाली. मी तिच्या मुठीत होतो. सवयीने तिचा अंगठा खटक्यावर आला, क्षणभर टेकला आणि बाजूला झाला. मग तिने मला टेबलावर पालथे ठेवले.

संध्याकाळी निघताना तिने मला मिसेस हॉबडेंच्या हाती दिले. "अंड्याला चार मिनिटं. त्याच्या अंड्याला साडेतीन."

तेव्हापासून मी या स्वयंपाकघरात आहे. लेन ट्रँटर पुढच्या वसंतात गेला. हिल्डा अजून दर महिन्याला येते आणि मला स्वतः पुसते. मित्रांनो, मला रोज किल्ली द्या, वर्षातून एकदा तेल द्या, माझी एवढीच मागणी आहे. आणि तुमच्या हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी सांगून टाका. उशीर किती झाला ते मी मोजू शकतो, भरून काढू शकत नाही.

मला अजूनही चैन पडत नाही, ते एका गोष्टीपायी. त्या दुपारी कपाटातला माणूस "हा माझा कोट आहे" म्हणाला, तेव्हा खोलीत जो हशा झाला तो मी पालथा पडून ऐकला. आयुष्यात इतके हशे मोजले, पण तो किती वेळ चालला हे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी मला कोणी दाबलेच नव्हते.