कपाटावरची धूळ

सुनेनं फरशी पुसली आणि आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं, की ती बाजारातून परतली तेव्हा अप्पा, म्हणजे तिचे सासरे, आपल्या खोलीत पडलेले. डोक्याला खोक, शुद्ध नाही, शेजारी स्टूल आडवं झालेलं. तिनं आरडाओरडा केला, गाडी बोलावली, नवरा कामावरून परस्पर दवाखान्यात पोचला. इथवर सगळं शहाण्या बाईसारखं केलं. मग फोन आला, की नणंद घरी येतेय. झालं! पाहुणं येणार म्हटलं की या बाईचा हात फडक्याकडे जातो, डोक्याला कोणी विचारतच नाही. स्टूल धुऊन स्वयंपाकघरात गेलं. रक्त पुसलं, पलंगाची लोखंडी कड पुसली, वर फिनेल फिरवलं. नणंद आली तेव्हा खोली आरशासारखी लखलखत होती.

अप्पा संध्याकाळी शुद्धीवर आले, पण तो अख्खा दिवस त्यांच्या डोक्यातून साफ गेला होता. आणि शेजारीण नणंदेला सांगून बसली, की सकाळी सून ओरडत होती, ‘तंगड्या बांधून ठेवीन तुमच्या!’

ओरडली होती, खोटं कशाला बोला. अप्पांचा जुना रेडिओ तिनं अडगळ म्हणून कपाटावर टाकला होता, आणि म्हातारा तो काढायला सारखा स्टूल ओढत होता. पण हे आता कोणाला पटावं? घरात दोघंच. एकाचं डोकं फुटलेलं, दुसरीनं रक्त पुसलेलं. नणंदेनं पोलिसांत सांगितलं, “मला वहिनीचा संशय आहे.” नवरा काहीच बोलला नाही. सुनेला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांकडून तपासणीवाल्या बाई आल्या. जाड चष्मा, हातात मोजे, बुटांवर पिशव्या. सोबत एक फोटोवाला. नणंद तरातरा खोलीत शिरायला निघाली.

“थांबा.”

“अहो, माझ्या वडिलांची खोली आहे ती.”

“म्हणूनच थांबा.”

फोटोवाला हळूच म्हणाला, “ऐका त्यांचं. आमच्यात थांबाबाई म्हणतात त्यांना.”

“तोंडावर म्हणतोस ते म्हणतोस, आधी फोटो काढ,” थांबाबाई म्हणाल्या.

बराच वेळ त्या उंबऱ्यात नुसत्या उभ्या राहिल्या. मग सुनेला तिथंच शेजारी उभं करून विचारलं, “काय कुठं होतं? बोटानं दाखवा, आत पाऊल नको.” सुनेनं दाखवलं.

“पुसलं कोणी?”

“मी.”

“का?”

“घाण होती,” सून म्हणाली, आणि आपलं उत्तर ऐकून तिच्याच तोंडचं पाणी पळालं.

नणंद फिसकन हसली. थांबाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी बॅटरी फरशीला लावून आडवा उजेड टाकला. फरशी कोरी. स्टूल कोरं. पलंगाच्या सांध्यात मात्र, फडकं पोचत नाही अशा फटीत, तपकिरी काहीतरी होतं. ते त्यांनी ओल्या बोळ्यावर टिपलं, वाळू दिलं आणि मगच कागदी पाकिटात घातलं.

“प्लॅस्टिकची पिशवी देऊ का?” सुनेला राहवलं नाही.

“नको. ओलं कोंडलं की सडतं.”

ओले कपडे कपाटात कोंबणाऱ्या नवऱ्याला ती वर्षानुवर्षं हेच सांगत आली होती. एवढ्या धास्तीतही तिला या बाईबद्दल बरं वाटलं.

पण सांध्यातलं रक्त अप्पांचं, एवढंच त्यानं ठरणार होतं. पडले की पाडले, ते नाही. थांबाबाई आपली शिडी लावून कपाटाच्या वर डोकावल्या. थोड्या वेळानं वरूनच आवाज आला.

“इथं शेवटचं कधी पुसलंत?”

“दर आठवड्याला पुसते,” सून ताडकन म्हणाली. नणंदेसमोर दुसरं काय सांगणार?

“थांबा. नीट आठवून सांगा. मला हे लिहायचंय.”

धरणीनं पोटात घ्यावं असं सुनेला झालं. सगळ्या घरात तिच्या स्वच्छतेचा दरारा. शेवटी मान खाली घालून ती पुटपुटली, “वर्ष झालं असेल. रेडिओ टाकला तेव्हाच काय ते.”

“बरं झालं,” थांबाबाई म्हणाल्या.

“काय बरं झालं?”

“नाही पुसलंत ते.”

वर धुळीचा जाड थर होता. रेडिओ कडेजवळ आलेला, त्याच्यामागं धुळीत तो ओढल्याची खूण, आणि कडेपर्यंत घसरत आलेली बोटं. खुणा ताज्या, त्यांच्यावर पुन्हा धूळ बसलेली नाही. फोटो काढून झाल्यावर बाईंनी चिकट काळ्या पट्टीवर त्या उचलल्या आणि पट्टी हातात धरून खाली आल्या. तीन बोटं लांब, एक आखूड. छापखान्याच्या यंत्रात अप्पांच्या तर्जनीचं पेर गेलं होतं.

नणंद पट्टीवर वाकली. “हे बाबांचं बोट आहे. याच बोटाला धरून शाळेत जायचे मी.”

“तुम्ही ओळखलंत, ते ठीक. मी नाही ओळखलं अजून,” थांबाबाई म्हणाल्या, आणि अप्पांच्या बोटांचे ठसे घ्यायला फोटोवाल्याला दवाखान्यात पिटाळलं.

ठसे जुळले. धुळीत दुसऱ्या कोणाचं बोट नव्हतं. डॉक्टरांनीही सांगितलं, की खोक पलंगाच्या कडेशी जुळते, माणूस उंचावरून मागं पडला की अशीच लागते. संशय निकालात निघाला.

सून आभार मानायला बाईंच्या कचेरीत गेली. बोलायला लागली आणि रडूच फुटलं. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं.

“आभार नका मानू. त्या धुळीत तुमची बोटं निघाली असती, तर तीही मी अशीच जपून उचलली असती.”

सून क्षणभर गार पडली. मग तिला वाटलं, आभार मानायचे तर याचेच. नणंद बापाच्या बाजूनं होती, नवरा कुठल्या बाजूनं ते त्यालाच ठाऊक. ही बाई कोणाच्याच बाजूनं नव्हती, म्हणून तर तिचा शब्द सगळ्यांनी खाली मान घालून ऐकला.

“तरी मानतेच,” ती डोळे पुसत म्हणाली.

“माना मग,” थांबाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

खाली नणंद स्कूटर घेऊन उभी होती. वर यायचा तिला धीर झाला नव्हता. अप्पांना घरी सोडणार होते, त्यांना आणायला दोघींना जायचं होतं.

“काय म्हणाल्या बाई?”

सुनेनं सांगितलं.

नणंदेनं स्कूटरला किल्ली लावली आणि पुन्हा काढली. “मी तुझ्यावर... वहिनी, मी...”

“राहू दे, ताई. बाप आहे तुमचा. मीही असंच केलं असतं.”

“नसतं केलंस.”

“नसतं केलं,” सून म्हणाली. “पण चला आता. अप्पा वाट बघत असतील.”

ती मागं बसली आणि नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला.