डाव्या बाजूचं ओझं

मी टायर आहे, मित्रांनो. जुना म्हणवून घ्यायचं वय होण्याआधीच फाटलेला. टायरच्या दुकानामागे, भिंतीला टेकून, कमरेला हे एवढं भगदाड घेऊन पडलो आहे. माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाला गाठा.

जन्म कारखान्यातला. पोलादी तारांची जाळी विणून माझ्या पोटात घातली, वर रबराचे थर चढवले आणि तापलेल्या साच्यात दाबून धरलं. वाफेने अंग नुसतं शिजलं. साचा उघडला तेव्हा माझ्या अंगावर खोल खोल नक्षी होती आणि कुशीवर ठसा होता की हा अवजड ओझ्याचा टायर आहे. त्या ठशाचा मला किती गर्व होता म्हणून सांगू! ओझं उचलायलाच तर आपला जन्म, असं मी मिरवत होतो. ओझं कुठल्या बाजूला येणार, हे तिथे कुणी सांगत नाही.

आम्ही चार भाऊ एकाच साच्यातले. एकाच दिवशी एका दणकट पिकअप गाडीला लागलो. दोघे पुढे, दोघे मागे. माझ्या वाट्याला आली मागची डावी बाजू. त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. कुठेतरी लागायचंच होतं.

गाडी एका काचवाल्याची होती. बाप आणि लेक मिळून धंदा करायचे. बापाला सगळा बाजार दादा म्हणायचा आणि लेकीला घरात बबी म्हणत. लग्नाच्या वयाची, खांद्याने मजबूत पोरगी. तिचा उजवा हात म्हणजे काय चीज होती, हे मी दुकानाच्या दारात उभा राहून रोज पाहिलं आहे. काच कापायचा हिरा ती चिमटीत धरायची, पट्टी लावायची आणि एकच रेघ ओढायची. रेघेवरून पुन्हा हात फिरवणं तिला ठाऊक नव्हतं. मग खालून हलकी टिचकी. काच सरळ दुभंगायची. दादा गिऱ्हाइकाला मुद्दाम थांबवून ठेवायचा, "अहो, जाल कुठे? आमच्या पोरीचा हात तर बघून जा!"

गाडीच्या हौद्यात लोखंडाची एक घोडी होती. घोडी म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरती अशी चौकट. तिच्यावर काचेचे मोठे तक्ते टेकवून उभे बांधायचे. घोडीला दोन पाठी होत्या, उजवी आणि डावी. तक्ते अर्धे इकडे, अर्धे तिकडे लावले असते तर ओझं सारखं बसलं असतं. पण दादा सगळे तक्ते डाव्याच पाठीवर लावायचा. गाडी उभी केली की डावी बाजू फुटपाथला यायची. काच थेट दुकानात उतरवता यायची. उजवीकडे लावली तर धावत्या रस्त्यात उभं राहून उतरवावी लागली असती. कारण खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या खऱ्या कारणाखाली मी भरडत होतो.

वर आणखी एक ओझं असायचं. बबी गाडी चालवायची आणि दादा हौद्यात, काचेच्या बाजूला, कठड्याला पाय लावून उभा राहायचा. दोरी कितीही आवळली तरी काचेवर माणसाचा हात हवाच, अशी त्याची पद्धत. काच थरथरली तर हाताला आधी कळतं म्हणे. मान्य. पण तो हात ठेवणारा माणूस बरोबर माझ्या डोक्यावर उभा असायचा. मी बसलो तर घोडी डावीकडे कलणार आणि काच त्याच्याच अंगावर येणार. मित्रांनो, हे कळायला शाळा लागत नाही. मला, रबराच्या गोळ्याला, कळत होतं.

पहिल्या दिवसांत सगळ्यांनी कौतुक केलं. दादाने माझ्यावर थाप मारली, "रेडा आहे रेडा!" म्हणाला. पुढे कौतुक थांबलं. कामाला लागलेल्याचं कौतुक किती दिवस करणार? मी झिजू लागलो. समोरून बघितलं तर नक्षी अजून ठीक दिसायची. पण रोजच्या एकतर्फी ओझ्याने आसाला किंचित बाक आला होता आणि माझी आतली कड रस्त्यावर घासली जात होती. आतली कड गाडीच्या पोटाकडे असते. चाक काढल्याशिवाय, नाहीतर जमिनीवर आडवं झाल्याशिवाय ती कुणाच्या नजरेला पडत नाही. तिकडे, अंधारात, माझं कातडं पातळ होत होतं. पुढचा उजवा भाऊ मात्र जावयासारखा गुबगुबीत राहिला होता.

हवा भरायला आम्ही टायरवाल्या फुग्याकडे जायचो. त्याचे गाल फुगलेले, म्हणून सगळे त्याला फुग्या म्हणत. त्याने एकदा माझ्या पाठीवर तळवा फिरवला आणि हात तसाच ठेवून म्हणाला, "दादा, हे चारही फिरवून घ्या. पुढचे मागे, मागचे पुढे, डावे उजवीकडे. हा डावा एकटा मरतोय."

"फिरवून रबर वाढतं काय रे?" दादाने विचारलं.

"वाढत नाही. पण ओझ्याची पाळी चौघांत वाटली जाते."

"पाळ्या लावायला ते टायर आहेत की सुना?"

आजूबाजूचे हसले. बबी हसली नाही. "सुनांनी निदान तोंड तरी उघडलं असतं, बाबा. काढू दे त्याला चाकं. आतून बघू तरी."

"तू गप गं. बसलेली काच हलवतात का? एकदा चौकटीत बसवली, पुट्टी सुकली, की परत तिला हात लावायचा नाही. लावला की तडा गेलाच म्हणून समज. चाकाचंही तेच. नट घट्ट बसलेत, गाडी सरळ चालतेय. कशाला उकरायचं?"

इथेच सगळं बिघडलं, मित्रांनो. आयुष्यभर काच बसवलेल्या माणसाने चाकालाही काच समजायला सुरुवात केली. अरे, काच जागेवर उभी असते! चाक पळतं, घासतं, तापतं. त्याला बसून राहायला कुणी शिकवलंय? पण माणसाला एका कामात वाहवा मिळाली की त्याला वाटतं, जगातल्या सगळ्या वस्तू त्याच कामाच्या कायद्याने चालतात. दादा वाईट नव्हता. लेकीवर जीव टाकायचा. आणि तरीही हट्टी होता. जीव टाकणारी माणसं हट्टी नसतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

फुग्याने खांदे उडवले, हवा भरली आणि आम्ही निघालो. हवा भरली म्हणजे काळजी घेतली, असं अर्ध्या जगाला वाटतं.

पुढे माझ्या आतल्या कडेचं रबर संपलं. पोटातली जाळी उघडी पडली आणि एक तार तुटून बाहेर आली. प्रत्येक फेऱ्याला ती रस्त्यावर टक् करून लागायची. मी ओरडू शकत नव्हतो. तेवढी टक्‌टक् हाच माझा आवाज. मी रोज तो आवाज काढत होतो आणि वर काचा किणकिणत होत्या, त्यात तो बुडत होता.

बबीला मात्र काहीतरी कळलं. तिला तो आवाज ऐकू आला नव्हता, गाडीची चाल कळली होती. एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचा पोचवायच्या होत्या. घराच्या उंचीचे जाड तक्ते, सगळे डाव्या पाठीवर. बांधून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, गाडी डावीकडे ओढतेय. वळणावर मागून बसल्यासारखी वाटते. आधी फुग्याकडे जाऊ."

"ओझं आहे, बसणारच."

"अशी नव्हती बसत."

"तुला भास होतात."

घराच्या खिडकीतून तिची आई म्हणाली, "काचेला चरा गेला तर तोंडचं पाणी पळतं तुमचं. पोरगी सांगतेय ते ऐका की एकदा!"

दोघी एका बाजूला झाल्या, हे दादाला झोंबलं. "बरं! मीच चालवतो आज. बघतोच कुठे ओढते ती. तू मागे राहा काचेजवळ." आणि त्याने किल्ली तिच्या हातातून घेतली.

आता काय झालं ते नीट लक्षात घ्या. गाडी धड आहे हे दाखवायला बाप स्टिअरिंगवर बसला आणि त्यासाठी लेक माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली. तिचा उजवा हात काचेवर, बोटं दोरीच्या आत. बापानेच शिकवलं होतं तसं.

निघालो. पहिल्या चौकातच गाडी डावीकडे ओढली. मागून बबीने विचारलं, "काय बाबा, ओढतेय ना?"

"छे! लोण्यासारखी चाललीय!"

खोटं. गाडी सरळ राहावी म्हणून तो स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरून होता. आम्हा चाकांना ते कळतं. आम्हाला तिरकं लोटून सरळ चालवत होता तो. त्याला सगळं जाणवत होतं! तिथेच थांबला असता तर? बाजूला गाडी घेतली असती, खाली उतरला असता, गुडघे टेकून माझ्याकडे आतून पाहिलं असतं तर? पण मग लेकीपुढे आणि बायकोपुढे "तुमचं बरोबर होतं" म्हणावं लागलं असतं. तेवढ्या तीन शब्दांसाठी तो थांबला नाही.

रस्ता तापला होता. माझ्या आतल्या कडेला चटके बसत होते. तारा एकापाठोपाठ एक सुटत होत्या. टक्‌टक् वाढली, मग थांबली, आणि ती थांबली तेव्हाच मला समजलं की आता तोडायला काही उरलेलं नाही. समोर उतार होता आणि उताराच्या तळाला वळण. त्या वळणावर घोडीवरचं सगळं ओझं माझ्यावर कललं.

मी फुटलो.

गाडी डावीकडे बसली. दोऱ्या तुटल्या नाहीत, बबीने बांधल्या होत्या त्या. पण वरच्या तक्त्याला तडा गेला आणि तो दोरीच्या आतच घसरला. सुटलेल्या काचेच्या वाटेतून हात काढून घ्यायचा, हेही तिला बापाने शिकवलं होतं. तिने काढलाही असता. बोटं दोरीत होती.

ती ओरडली नाही. दादा ओरडला. केवढा ओरडला! अख्खा रस्ता थांबला.

जीव वाचला. लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. लोकांना थोडक्यात म्हणायला काय जातं? तिच्या उजव्या मनगटाखालच्या नसा कापल्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी शिवल्या. हात जागेवर आहे, पण अंगठा आणि बोट एकमेकांना भेटत नाहीत. हिरा चिमटीत धरावा लागतो, मित्रांनो. चिमूटच राहिली नाही.

गाडी ओढून फुग्याच्या दुकानात आणली होती. बबीचं बँडेज सुटल्यावर बाप-लेक दोघे तिथे आले. फुग्याने मला गाडीपासून काढलं, जमिनीवर उलटं टाकलं आणि माझी आतली कड पहिल्यांदा उजेडात आली. नारळाच्या शेंड्यांसारख्या तारा बाहेर आलेल्या. दादा बघत राहिला. मग खाली बसला. बाजारात ज्याचा आवाज दोन गल्ल्यांवरून ऐकू यायचा, तो माणूस कुजबुजल्यासारखा बोलला.

"फुग्या, खरं सांग. तेव्हा फिरवले असते तर वाचला असता का तिचा हात?"

फुग्या पान्याशी चाळा करत राहिला. "काही सांगता येत नाही, दादा. टायर आहे. कधी नवाही फुटतो. नशिबाच्या गोष्टी."

दादाने मान हलवली. त्याला तेवढाच आधार हवा होता. बबी मात्र फुग्याकडे बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताने गाडीकडे बोट दाखवलं.

"उरलेले तिन्ही काढ. आतून बघायचेत मला. बाबा, उठा. तुम्हीही बघा."

दादा उठला. एकेका चाकापाशी वाकला. ती वाकायला लावत होती.

फुग्या भला माणूस आहे. एका बापाला जगता यावं म्हणून तो खोटं बोलला. मी भला नाही. माझ्यामुळे एका मुलीचा हात गेलाय, मला भलेपणा परवडत नाही. म्हणून जे तो बोलला नाही ते मी तुम्हाला सांगतो. वाचला असता. माझी जागा बदलली असती तर ते ओझं चौघांनी वाटून घेतलं असतं. आणि ते सोडा, नुसतं बदलायला म्हणून जरी मला काढलं असतं, तरी माझी ही बाजू कुणाच्या तरी डोळ्यांना दिसली असती. टायर फिरवून रबर वाढत नाही, दादा बरोबर बोलला होता. कुणीतरी आत बघतं, एवढंच होतं. तिचा हात वाचायला एवढं पुरेसं होतं.

मित्रांनो, तुम्हाला रोज कुठली ना कुठली गाडी नेते-आणते. ती चालवणाऱ्या मोठ्या माणसाला विचारा, चाकं शेवटची कधी काढली होती? तो म्हणेल, "चालतेय ना?" मीही चालत होतो, त्या उतारापर्यंत चालत होतो. त्याला खाली वाकायला लावा, टायरची आतली कड बघायला लावा. तो हसेल, चिडेल, लहान तोंडी मोठा घास म्हणेल. म्हणू द्या. तो वाकून बघेपर्यंत गाडीत पाय ठेवू नका.